कळसुबाईवरून पोर्टेबल हॅम रेडिओ : सेट कुठला न्यायचा, आणि वर गेल्यावर ऐकणार कोण?

सागर_नाशिक:

नमस्कार मंडळी. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आणि व्हीयू३ कॉलसाइन (हवेवरचं ओळखनाव) हातात आहे, बाओफेंगचा हँडसेट आहे, आणि रिपीटरवर (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या स्टेशनवर) रोज तेच चारपाच जण तेच "सिग्नल कसा येतोय" करत असतात त्याचा आता कंटाळा आलाय. ट्रेकिंग लहानपणापासून करतोय त्यामुळे डोंगर चढायचं टेन्शन नाही. परदेशातले लोक ते समिट्स ऑन द एअर, सोटा म्हणतात ना, त्यात शिखरावर बसून पाच वॉटवर बोलतात ते व्हिडिओ बघून डोक्यात किडा शिरलाय की आपल्या कळसुबाईवरून असं काहीतरी करायचं, दिवाळीनंतर, मित्र दोघं येतायत पण ते हॅम नाहीत, ते फक्त भेळ खायला येणार.

प्रश्न असे की बाओफेंगवर भागेल का, १६४६ मीटर उंची म्हणजे राज्यातलं सगळ्यात उंच टोक, तिथून तर अख्खा महाराष्ट्र ऐकू यायला पाहिजे असं मला वाटतंय. का एचएफ सेट (३ ते ३० मेगाहर्ट्झचा, लांबच्या बोलण्याचा) घ्यावाच लागेल? घ्यायचा तर बजेट फार नाही. अँटेना काय न्यायची, वर झाड एक नाही. आणि सोटाचे पॉइंट वगैरे मिळायला नक्की काय करावं लागतं? कोणी केलंय का असं, सविस्तर सांगा प्लीज, थोडक्यात "गूगल कर" असं नको.

तारवाले_काका:

सागर, आधी बाओफेंगचं बोलू. उंचीचा हिशोब सोपा आहे, मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला ४.१ ने गुणायचं, की रेडिओचं क्षितिज किमीमध्ये येतं. १६४६ चं वर्गमूळ चाळीसच्या वर, म्हणजे साधारण १६५ किमी. मुंबई तिथून सरळ रेषेत शंभरच्या आसपास, पुणं १२० धर. म्हणजे कागदावर दोन्ही आत आहेत. पण हे समुद्रासारखं सपाट असलं तर! पुण्याच्या बाजूला रतनगड, हरिश्चंद्रगड, माळशेजची सगळी रांग पसरलीय, त्यातून धारेवरून वाकून जेवढं पलीकडे उतरेल तेवढंच. मुंबईत गच्चीवर चांगली अँटेना लावून कोणी बसला असेल तर ५ वॉटवर छान बोलणं होतं, सातव्या मजल्याच्या खिडकीत रबर डकवाला (हँडसेटच्या आखूड रबरी अँटेनावाला) असेल तर त्याला तू ऐकूच येणार नाहीस.

आणि रबर डक घरी ठेव रे बाबा. टीव्हीच्या जुन्या चपट्या ट्विनलीड वायरची जे-पोल अँटेना बनव, गुंडाळून खिशात जाते, काठीला लटकवायची. फरक तुला पहिल्या कॉललाच कळेल.

अजून एक, आम्ही पुण्याचे लोक सिंहगडावर असले प्रयोग करायला जातो आणि तिथे ही स्वस्तातली हँडसेट मंडळी मान टाकतात, कारण गडावर टीव्हीचा टॉवर आहे आणि त्याच्या पॉवरने सेटचा रिसीव्हर बहिरा होतो. मीटरवर काही दिसत नाही, सगळं शांत, माणसाला वाटतं आज बँडवर कोणीच नाही. बँडवर असतात हो लोक, तुलाच ऐकू येत नसतं. कळसुबाईला हा त्रास नाही, म्हणून तू निवडलेलं शिखर चांगलंय.

पण माझं स्पष्ट मत विचारशील तर एचएफ ने. ४० मीटर बँड, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ. कारण खाली सांगतो, आत्ता जेवायला बोलावतायत.

मॅंचेस्टरचा_मकरंद:

सोटाच्या नियमांबद्दल मी सांगतो, इथे इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये करत असतो. २ मार्च २००२ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये सुरू झालं, आता जगभर पसरलंय. प्रत्येक भागाची असोसिएशन असते आणि तिने यादीत घेतलेल्या डोंगराला नंबर असतो, म्हणजे इथल्या स्कॅफेल पाइकला जी/एलडी-००१. तेव्हा सगळ्यात आधी सोटाच्या साइटवर नकाशा उघड आणि तुझ्या डोंगरावर नंबर दिसतोय का बघ. नंबर नाही तर पॉइंट नाही, मग तू एव्हरेस्टवरून बोल. आणि यादीत यायला नुसती उंची चालत नाही, आजूबाजूच्या खिंडीपासून डोंगर साधारण १५० मीटर वर उठलेला पाहिजे, काही भागात १०० चालतात. एकाच पठारावरची तीन टोकं म्हणून तीन डोंगर धरत नाहीत.

बाकी नियम असे की शेवटचा टप्पा स्वतःच्या पायाने, सामान स्वतः (किंवा त्या भेळ खाणाऱ्या मित्रांनी 😄) वाहून न्यायचं, गाडीच्या बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालवायचं नाही. टोकापासून उभ्या २५ मीटरच्या आत कुठेही बसलं तर चालतं, हे फार लोकांना माहीत नसतं, अगदी कळसावरच बसायची सक्ती नाही. वेगवेगळ्या चार स्टेशनांशी बोललास की पॉइंट. जमिनीवरच्या रिपीटरवरून बोललेलं धरत नाहीत. असे हजार पॉइंट झाले की तू माउंटन गोट, आणि घरात खुर्चीत बसून डोंगरावरच्यांना पकडून हजार पॉइंट जमवणाऱ्याला शॅक स्लॉथ म्हणतात, मला वाटतं आपल्याकडे शॅक स्लॉथला फार स्कोप आहे.

पण एक फरक लक्षात घे. इथे शनिवारी सकाळी कुठल्याही टेकाडावरून हँडसेटवर सीक्यू (कोणी आहे का, अशी सर्वांना हाक) दिला की पाच मिनिटात चार जण मिळतात, कारण खाली वाट बघत बसलेले चेसर आहेत. तुमच्याकडे टू मीटरवर (हँडसेटचा १४४ मेगाहर्ट्झचा बँड) सिम्प्लेक्समध्ये (रिपीटरशिवाय थेट) मंगळवारी दुपारी कोण ऐकत बसलंय?

सागर_नाशिक:

हा भारी मुद्दा आहे मकरंददादा, हे डोक्यातच आलं नव्हतं, मी समजत होतो वर गेलो की आपोआप. काका जेवण झालं का 😀

तारवाले_काका:

झालं. हं, तर ४० मीटर.

लोकांचा गैरसमज असा की शिखर उंच म्हणून एचएफला लांब जाणार. ४० मीटरला दिवसा जे चारपाचशे किमीपर्यंतचं बोलणं होतं ते सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून खाली पडतो म्हणून होतं, पाचसहा मीटर उंचीवरच्या तारेचं कामच ते. म्हणजे खरं सांगायचं तर बारी गावात शाळेच्या मैदानात तार बांधलीस तरी नाशिक, पुणं, हैदराबाद तितकंच मिळेल! मग वर कशाला मरायचं? तर शांततेसाठी. शहरात माझ्या घरी ४० मीटरवर एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा) कायम सातआठवर टेकलेला, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, शेजाऱ्याचा चार्जर, लिफ्टचा ड्राइव्ह, सगळ्यांची मिळून खरखर. कळसुबाईवर मीटर शून्याला, कानाला नुसती बारीक सळसळ, आणि पाच वॉटवाला केरळचा माणूसही शब्दन् शब्द कळतो.

गंमत पुढे आहे. तुला सगळे ऐकू येणार, पण तू त्यांना ऐकू येणार नाहीस. कारण तो मुंबईवाला बिचारा त्याच्या खरखरीत बसलाय आणि तू पाच वॉट. ५ वॉट आणि १०० वॉटमध्ये १३ डीबीचा फरक, म्हणजे दोन एस-युनिट. त्याचा नॉइज एस-सातला आणि तू एस-सहाने पोचतोयस, संपला विषय. म्हणून नवीन पोरं वर जाऊन "सगळे ऐकू येतात पण कोणी उत्तर देत नाही, सेट खराब आहे" म्हणत खाली येतात. सेट ठणठणीत असतो. तेव्हा वर बसून मोठ्या स्टेशनांना तूच हाक मार, कोणाचा क्यूएसओ (संवाद) संपला की मधे कॉलसाइन टाक, "पोर्टेबल, क्यूआरपी, कळसुबाई" (क्यूआरपी म्हणजे कमी पॉवर) एवढं म्हटलं की लोक कान देतात, कळसुबाईचं नाव ऐकून तर तीनचार जण हमखास थांबतात. नुसता सीक्यू देत बसू नकोस.

सकाळी लवकर बस, साडेसात ते दहा. दुपारी सूर्य डोक्यावर आला की खालचा थर सिग्नल खाऊन टाकतो आणि ४० मीटर ढेपाळतं. मग २० मीटरला जा, संध्याकाळकडे युरोप उघडतं, तिथे पाच वॉटवर पण मजा येते. आणि एप्रिल-मेच्या नादी लागू नकोस, वळवाच्या ढगांची कडकड ४० मीटरवर शंभर किमीवरून येते, कानाला कुटकुट नुसती, आणि वीज असताना डोंगरावर तार घेऊन उभं राहणं म्हणजे आमंत्रण.

हडपसर_ओम:

सेट आणि बॅटरीचं मी सांगतो कारण काका अजून मोटारसायकलची बॅटरी घेऊन फिरतात 😛

बजेट कमी असेल तर सेकंडहँड एफटी-८१७ शोध, जुना आहे, ५ वॉट आहे, एचएफपासून ७० सेंटीमीटरपर्यंत सगळं एकाच डब्यात, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही कामं होतात, ४० मीटरही आणि टू मीटर एफएमही. नाहीतर आपला मायक्रोबिटएक्स. हैदराबादचे अशहर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी आधी बिटएक्स काढला मग मायक्रोबिटएक्स, ३ ते ३० मेगाहर्ट्झ, खालच्या बँडवर दहाएक वॉट देतो, सर्किट सगळं खुलं आहे, बिघडला तर सोल्डरिंग आयर्न घेऊन तूच दुरुस्त करणार. पहाडावर न्यायला मात्र त्याला नीट डबा कर, ट्रेकच्या सॅकमध्ये उघडं बोर्ड टाकून नेणारे पाहिलेत मी. झीगू जी९० पण छान, २० वॉट आणि आत ट्यूनर, पण रिसीव्हला करंट जरा जास्त खातो आणि वजन किलोच्या वर. परदेशातून मागवणार असशील तर आयातीचं कागदपत्राचं आधी समजून घे, पार्सल आल्यावर नाही.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेल सिरीजमध्ये, ६ अँपिअर-अवर. एफटी-८१७ रिसीव्हला अर्धा अँपिअरपेक्षा कमी आणि ट्रान्समिटला दोन अँपिअर घेतो, तेव्हा सकाळ काढून वर उरते. ते ड्रोन-बिनचे साधे लिथियम आयनचे चार सेल लावू नकोस, फुल चार्जला १६.८ व्होल्ट होतात, १३.८ वर चालणाऱ्या सेटला ते सोसत नाही. तीन सेल लावले तर १२.६ पासून सुरू होऊन अर्ध्यात ११ च्या आसपास, चालतं पण पॉवर पडते. फॉस्फेटवाली १३ च्या जवळपास ठाम राहते. आणि प्लस-मायनसला फ्यूज, हे वेगळं सांगायला नको.

अँटेना लिंक्ड डायपोल (दोन्हीकडे सारखी तार, मधे उघडझापीचा जोड), इन्व्हर्टेड व्ही म्हणजे मध्य उंच आणि टोकं खाली. १४३ ला मेगाहर्ट्झने भाग की पूर्ण लांबी मीटरमध्ये. ७.१ ला वीस मीटर, म्हणजे एका बाजूला दहा. १४.२ ला एका बाजूला पाच. तेव्हा दहा मीटरच्या तारेत पाच मीटरवर एक जोड, क्रोकोडाइल क्लिपने उघडझाप करायचा, जोडला तर ४०, सोडला तर २०. तार आधी हातभर लांबच कापायची, प्लॅस्टिकच्या आवरणाची तार थोडी खाली रेझोनेट होते म्हणून मग नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावून गच्चीवर कमी करत आणायची, डोंगरावर नाही. मधे उभं करायला मासेमारीचा टेलिस्कोपिक रॉड, पण फायबरग्लासचा घे, कार्बनचा नको, कार्बनमधून करंट जातो आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळते त्याचा आकडा) नाचत बसतो. कोअॅक्स केबल आरजी-१७४, पाचसात मीटर, या लांबीला ४० मीटरवर लॉस विचारात घेण्यासारखा नाही आणि वजन कोथिंबिरीच्या जुडीएवढं.

राजूरची_मनीषा:

मी हॅम नाही, भाऊ आहे हॅम, त्याच्यामुळे हे ग्रुप वाचते. पण कळसुबाई आमच्या अंगणातला डोंगर त्यामुळे बोलते.

ओमदादा तुमच्या त्या तारा बांधायच्या कशाला? वर सगळा काळा कातळ आहे, तंबूच्या खुंट्या दोन बोटं पण आत जात नाहीत, वाकतात. दगड शोधून त्याला दोरी बांधा आणि दगडावर अजून दगड ठेवा, वारा सुटला की एकटा दगड सरकतो. आणि रॉड उभा करायला एक जण धरून बसला तरच, म्हणजे ते भेळवाले मित्र आलेच कामाला. लोखंडी रेलिंगला रॉड बांधायचा मोह होईल, भाऊ म्हणतो त्याने अँटेना बिघडते, मला त्यातलं कळत नाही पण शिडीला काही बांधू नका, लोक त्याच शिडीवरून चढतात उतरतात, रविवारी तर रांग असते. रॉड सॅकला आडवा नाही, उभा बांधा, शिडीवर मागच्याच्या डोळ्यात जातो.

वर देवीचं देऊळ आहे, जागा एवढीशी. नवरात्रात तर विसराच. मधल्या वारी या, पहाटे बारीतून निघा. तुम्ही लिहिलंय ना की २५ मीटर खाली चालतं, मग शेवटच्या शिडीच्या आधी विहिरीपाशी सपाटी आहे तिथे मोकळं बसता येईल, पण ती २५ च्या आत आहे का ते तुमच्या मोबाइलमधल्या उंचीवर मोजून घ्या. नसेल तर देवळाच्या मागच्या बाजूला, लोकांच्या पायात तार येणार नाही अशी. हा सगळा भाग कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर फी भरा आणि काय करणार आहात ते आधीच सांगा, स्पीकर लावून मोठ्याने ऐकू नका, हेडफोन लावा. कड्याला आग्या मोहोळं असतात.

हडपसर_ओम:

मनीषाताई दगडाचं एकदम बरोबर. सागर, तारेच्या टोकाला तीनचार मीटर नायलॉनची दोरी ठेव म्हणजे दगड कुठे सापडेल तिथपर्यंत पोचते. आणि टोकं जमिनीपासून दीडदोन मीटर तरी वर हवीत, ट्रान्समिट करताना टोकाला व्होल्टेज असतं, पाच वॉटला झटका बारीक बसतो पण पोराटोरांनी धरली तर उगीच बोंबाबोंब. एखादं चमकदार फडकं बांध टोकाला.

किल्ल्यांवर जाणार असशील पुढे तर अजून जपून. साल्हेर, राजगड, लोहगड वगैरे २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेत, आधीपासून पण बरेच किल्ले संरक्षित स्मारक आहेतच, तिथे तटाच्या चिऱ्यांत खुंटी ठोकणं सोडाच, बुरुजाला दोरी आवळायची पण नाही. साल्हेर मात्र जबरदस्त आहे रेडिओला, १५६७ मीटर, किल्ल्यांमध्ये सगळ्यात उंच, आणि उत्तरेला डांग-गुजरातकडे सगळं खुलं, टू मीटरवाल्यांनी तिथे जावं असं मला वाटतं.

माकडांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. पिवळी तार त्यांना फार आवडते. काळी घ्या.

तारवाले_काका:

कायद्याचं राहिलं. लायसन्सवर तुझा पत्ता असतो, दुसरीकडून चालवायचं तर त्याच्या अटी लायसन्सवर आणि नियमात आहेत त्या आधी वाच, कळवायचं असेल तिथे कळव, आणि तुझ्या ग्रेडला कुठले बँड, किती पॉवर ते तिथेच लिहिलेलं असतं. मूळ लायसन्स नको, रंगीत झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात. कारण डोंगरावर तार, काठी आणि माइक घेऊन बोलणारा माणूस दिसला की कोणीतरी विचारणारच. पोलिस विचारतील, वनरक्षक विचारेल, आणि सगळ्यात जास्त विचारणार ते ट्रेकचे ग्रुप, "ड्रोन उडवताय का दादा?" शांतपणे सांगायचं, हेडफोन त्यांच्या कानाला लावायचा, बंगलोरचा आवाज ऐकवायचा, खूश होतात. माइक मात्र हातात द्यायचा नाही, पोरं कितीही मागे लागली तरी.

कॉलसाइनमागे "स्ट्रोक पोर्टेबल" म्हण. लॉग कागदावर, पेन्सिलने, बॉलपेन थंडीत आणि तिरक्या मांडीवर दगा देतं. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिही, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, म्हणजे सकाळी आठ वाजता ०२३० लिहायचं. हे आदल्या रात्रीच वहीच्या वर लिहून ठेव, चढून दमल्यावर वजाबाकी होत नाही.

मॅंचेस्टरचा_मकरंद:

आणि माझ्या आधीच्या मुद्द्याचं उत्तर मीच देतो, लोकं कुठून आणायची. ती आधी घरून गोळा करायची. जायच्या आठवडाभर आधी मुंबई, पुणे, नाशिकच्या ग्रुपवर टाक, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, आणि त्या फ्रिक्वेन्सीवर कोणी असेल तर वर की खाली पाच किलोहर्ट्झ सरकणार तेही. सकाळच्या ४० मीटरच्या नेटवर (ठरल्या वेळी हवेवर सगळे जमतात ती बैठक, ती चालवणारा नेट कंट्रोल) आदल्या दिवशी हजेरी लावून नेट कंट्रोलला सांग, उद्या मी डोंगरावर असेन, मला आधी बोलवा. नेट कंट्रोलने "कळसुबाईवरून एक क्यूआरपी स्टेशन आहे, सगळ्यांनी थांबा" म्हटलं की तुझे चार काय दहा होतील. टू मीटरसाठी पण तसंच, मुंबईत कोणाच्या गच्चीवर चांगली अँटेना आहे अशा दोघातिघांना नावाने फोन कर, ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही, सगळे अंगठा दाखवतात आणि त्या वेळी चहा पीत असतात. आणि वर मोबाइल रेंज आली तर "आलो, लावतोय" असा मेसेज टाक, लोक सेट चालू करतात.

मला तरी वाटतं सेट आणि अँटेनाच्या खरेदीपेक्षा ही फोनाफोनी जास्त महत्त्वाची आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

तारवाले_काका:

शंभर टक्के. आमच्यातले अर्धे लोक २० हजाराचा सेट घेतात आणि एक फोन करत नाहीत.

सागर_नाशिक:

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. तर ठरलं असं की एफटी-८१७ बघतो (कोणाकडे विकायचा असेल तर सांगा, पण बॅटरीच्या कप्प्यात गंज नसलेला), डायपोल मी आणि ओमदादा शनिवारी हडपसरला बनवू असं त्यांनी मेसेज केलाय, जे-पोल मी घरी करतो. मधल्या वारी जायचं, बहुतेक डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा बुधवार. सोटाचा नकाशा आज रात्री बघतो, नंबर असला तर भारीच, नसला तरी जातो.

काका, बुधवारी सकाळी आठ ते नऊ तुम्ही ४० मीटरवर बसणार का, तेवढं सांगा. आणि मनीषाताई, बारीत सकाळी पाच वाजता चहा कुठे मिळतो?

राजूरची_मनीषा:

पाचला गावात काही उघडं नसतं. थर्मास घेऊन या. वरच्या टप्प्यावर लिंबू सरबतवाले असतात पण ते उजाडल्यावर, आणि मधल्या वारी असतीलच असं नाही. पाणी माणशी तीन लिटर.

तारवाले_काका:

बसतो. ७.०९० च्या आसपास राहीन. साडेआठला डॉक्टरकडे जायचंय तेव्हा आठला पहिला मला घे.